टिटवीची दोनशे पावलं

हिराजीदादांचं एक पाऊल सव्वादोन फुटांचं होतं. हे मी अंदाजानं सांगत नाही. एकदा त्यांच्याशी पैज लावून मी ऑफिसातली टेप काढली आणि त्यांना दहा पावलं चालायला लावलं. साडेबावीस फूट भरलं. परत चालायला लावलं, परत साडेबावीस. तिसऱ्यांदा मी मुद्दाम मध्येच हाक मारली, म्हटलं आता तरी चुकतील. चुकले नाहीत. चालणं पुरं करून म्हणाले, "बाय, तुजी टेप खरी हाय गो." म्हणजे परीक्षा टेपची चालली होती, असा त्यांचा समज.

चालताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. पेराला एक पाऊल. चार बोटांची बारा पेरं संपली की एक 'हात' झाला, मग पुन्हा पहिल्या पेरापासून. जप करतात असं नव्या माणसाला वाटायचं. पण देवाधर्माचं त्यांना फार वेड नव्हतं, मोजण्याचं होतं. घरापासून विहीर किती, विहिरीपासून शाळा किती, सगळं पाठ. आणि गोळाबेरीज अजिबात चालायची नाही. शंभरेक पावलं असेल, असं कोणी म्हणालं तर म्हणायचे, "'एक' कशाला लावतंस? शंभर हाय का एकशेचार हाय, ता सांग."

हे मोजणं त्यांना बांधानं शिकवलं होतं. त्यांचं गाव पेणच्या खारेपाटात, कासू स्टेशनवरून खाडीकडे उतरलं की लागतं. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावानं मातीचा लांबलचक बांध घातलेला आहे, त्याला बाहेरकाठा म्हणतात. उधाणाला तो फुटला की 'खांड गेली' म्हणायचं. खांड गेली की त्या वर्षीचं भात तर जातंच, वर जमीन दोन-तीन वर्षं मीठ धरून बसते. म्हणून बांध प्रत्येक घराला पावलांनी वाटून दिलेला असतो. तेवढ्या पावलांची माती तुमची, तेवढ्यातली खेकड्यांची भोकंही तुमची. आणि गावाचा एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही पण पोरासोरांनाही ठाऊक असलेला. बांधाला पडलेलं भोक ज्यानं बघितलं आणि जो गप राहिला, तो खांडीचा धनी. भोक कोणाच्याही हिश्श्यात असो, पाप बघून गप बसणाऱ्याचं.

हा कायदा मला त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितला होता. तेव्हा मी हसले होते.

आमची ओळख धावपट्टीवरची. एका शेठनं खारातली जमीन घेऊन, मुरमाचा पुरुषभर भराव टाकून तिथं विमान शिकवायची शाळा काढली होती. शाळा म्हणजे दोन बुटकी विमानं, एक पत्र्याची शेड, वारा दाखवणारी नारिंगी पिशवी आणि एक ऑफिस. ऑफिस म्हणजे मी. रामवाडीहून स्कूटीनं यायचे आणि उड्डाणांची नोंदवही भरायचे. विमान कधी सुटलं, कोण चालवत होतं, कधी उतरलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यात बहुतेक वेळा 'काही नाही' एवढंच.

पट्टीवर पाखरांचा भारी त्रास. खार म्हणजे बगळ्यांचं माहेर. शेठच्या मॅनेजरनं फटाके आणले. फटाका वाजला की शंभर बगळे उडायचे आणि नेमके विमानाच्या वाटेत घिरट्या घालायचे. कुंपणाबाहेर म्हशीमागे उभा असलेला एक काळासावळा, सडसडीत माणूस हा तमाशा तीन दिवस बघत होता. चौथ्या दिवशी तो आत आला आणि मॅनेजरला म्हणाला, "सायेब, तुमना पाखरू उडवायचा नाय, बसवायचा हाय. उडला का विमानाला लागंल. बसला तं कशाला लागंल?"

मॅनेजरला राग आला, पण वैमानिक बाईला पटलं. आणि हिराजी म्हात्रे आमच्याकडे राखणदार म्हणून लागले.

त्यांची रीत बघण्यासारखी होती. विमान सुटायच्या अर्धा तास आधी कमरेची गोफण सोडून पट्टीवर निघायचे. खाराच्या चिकणमातीच्या वाळवलेल्या गोळ्या खिशात. गोळी पाखराला मारायची नाही, त्याच्या पलीकडे हातभर अंतरावर टाकायची. मग पाखरू उडत नाही, नुसतं सरकतं. अशी गोळीगोळीनं त्यांनी बगळ्यांची अख्खी पंगत पट्टीवरून खालच्या शेतात नेऊन बसवलेली मी रोज बघितली आहे. कंपनीनं दिलेले बूट त्यांनी शेडमधल्या खिळ्याला टांगून ठेवले होते. साहेब येणार असले की ते बूट पुसायचे, घालायचे मात्र नाहीत.

वैमानिक बाई म्हणजे रुबिना. रोह्याची. वडील कुवेतला, त्यांनी उभी हयात तिथं घालवून पोरीला विमान शिकवलं. पोरगी तिशीच्या आतबाहेर, दिसायला एवढीशी, पण विमान सुरू करताना तिचा चेहरा एकदम मोठ्या बाईसारखा व्हायचा. रोह्याहून सकाळच्या गाडीनं यायची आणि डब्यात अम्मीनं दिलेलं काहीतरी सगळ्यांना पुरेल एवढं असायचं. हिराजीदादांना ती 'दादा' म्हणायची आणि ते तिला 'पोरी' म्हणायचे. मॅडम म्हणा, असं मॅनेजरनं दोनदा सुनावलं. दोन्ही वेळेला 'व्हय' म्हणाले आणि पुन्हा 'पोरी' सुरू.

एकदा तिनं त्यांना विमानात बसवलं. नको नको म्हणत होते, मी वर डिवचलं, "पावलं मोजता यायची नाहीत म्हणून घाबरता का?" तेव्हा बसले. दहा मिनिटांची चक्कर. उतरले ते गोफण तिथंच टाकून गावाकडे पळत सुटले. आम्हाला वाटलं, पोटात ढवळलं असणार. संध्याकाळी कळलं. वरून त्यांना बाहेरकाठ्याच्या आतल्या अंगाला एक ओला काळा डाग दिसला होता. खालून चालणाऱ्याला तो गवतात दिसलाच नसता. बांध आतून पोखरला होता आणि दोन दिवसांवर उधाण होतं. अख्खा गाव घमेली घेऊन लोटला, माती पडली, बांध राहिला. दुसऱ्या दिवशी हिराजीदादा रुबिनासाठी केळीच्या पानात गुंडाळून जिताडा घेऊन आले. जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा, जावयाला नाहीतर साहेबाला द्यायचा. तिच्या हातात ठेवून म्हणाले, "पोरी, गावाचा बांध तू राखलास."

ती लाजून म्हणाली, "मी कुठं दादा? बघितलं तुम्ही."

"बघायला वर कोनी नेला?"

हे सगळं मी लांबण लावून सांगतेय, कारण पुढचं सांगायचं माझ्या जिवावर येतं.

मे महिना लागला आणि पट्टीच्या पूर्व टोकाकडे टिटवीनं अंडी घातली. अगदी चाकांच्या वाटेवर, खडीत चार अंडी. टिटवी घरटं बांधत नाही, जमिनीवर नुसत्या खळग्यात घालते. खारेपाटात टिटवीच्या अंड्यांवर पावसाचा अंदाज बांधतात. खोलगट जागी घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर पाणीच पाणी. पिल्लं निघेपर्यंत ती अंडी कोणी हलवत नाही. हलवली तर पावसाचं बोलणं मोडलं. गावातली चार जाणती माणसं पट्टीवर येऊन बघून गेली. साऱ्या खारात सगळ्यांत उंच जागा आमची पट्टीच होती. मोठा पाऊस येणार असं ठरलं आणि हिराजीदादांनी पुढं होऊन बाहेरकाठ्यावर वीतभर माती चढवायला लावली.

ती उंची शेठच्या डंपरनी केलेली होती, टिटवी बिचारी सापडली त्या उंचीवर बसली, हे तेव्हा एवढ्या जाणत्यांत कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मॅनेजर पट्टीच्या त्या टोकाला कधी जायचा नाही, पण त्याला अंडी कळली असती तर त्यानं तासाभरात उचलायला लावली असती. म्हणून हिराजीदादा थेट रुबिनाकडे आले. मी तिथंच होते. म्हणाले, "पोरी, पिल्ला निघंपरत दोनशे पावला सोडशील का? पुडून सुटायचा."

रुबिनानं पट्टीकडे बघितलं, मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाली, "पट्टी लांब आहे दादा. दोनशे पावलं टिटवीची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, शेऱ्यात लिहू नका हं. साहेब उगीच ओरडतील."

मी नाही लिहिलं. शेरा, काही नाही.

हिराजीदादांनी पावलं टाकून जागा मोजली आणि चार दगडांना चुना फासून ओळीत मांडले. त्या दगडांच्या पुढून विमान सुटायचं. टिटवी आरडाओरडा करायची, पण हलायची नाही. जवळजवळ तीन आठवडे असं चाललं. रुबिना रोज उतरल्यावर विचारायची, "दादा, निघाली का पिल्लं?" आणि ते बोटं मोजून सांगायचे, "अजून आठ दीस," "अजून पाच दीस."

तीन दिवस उरले होते. एका विमानाचं काम झालं होतं म्हणून रुबिना एकटीच चाचणीला निघाली. सकाळचे नऊ वाजले असतील. हिराजीदादांनी बगळे खाली नेऊन बसवले, टिटवीपाशी उभे राहिले, हात वर केला. विमान चार दगडांपासून सुटलं, उचललं, दोन माडांएवढं वर गेलं असेल. आणि आवाज थांबला.

माणसाला वाटतं की अपघात म्हणजे मोठा आवाज. मला आठवतं ते आवाज बंद होणं. पंखा फिरताना दिसत होता पण सगळं गप्प. तिनं विमान वळवलं नाही, नाक खाली करून सरळच उतरायला बघितलं. पण खाली पट्टी संपली होती. पट्टीपुढं पाण्याची चर, चरीपुढं खाजणाची खारट पडीक जमीन आणि तिच्यापुढं बाहेरकाठा. चाकं बांधाच्या माथ्याला, नव्या मातीला लागली आणि विमान पलीकडे खाडीच्या चिखलात उलटं पडलं.

मी धावले ती अर्ध्यावरच बसले. हिराजीदादा माझ्या बाजूनं गेले. त्या दिवशी ते पळत होते, त्यांच्या अंगठ्याकडे कोणी बघितलं नसेल. मी बघितलं. पळतानाही तो पेरांवर सरकत होता.

रुबिना गेली. त्यांनीच तिला बाहेर काढलं, गावातल्या माणसांनी झोळी करून चिखलातून आणलं. वडखळला गाड्यांची रांग लागली होती तिच्यातून रुग्णवाहिका कशीबशी पेणला पोचली, पण त्याची घाई उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी चारही पिल्लं निघाली. काडीसारख्या पायांवर पट्टीवरून धावत सुटली. हिराजीदादा त्यांच्याकडे बघत उभे होते आणि त्यांच्या तोंडातून मी कधी ऐकली नव्हती अशी शिवी आली. कोणाला दिली, कळलं नाही.

आठवड्यानं मुंबईहून चौकशीचे दोन साहेब आले. त्यांना खारेपाटातली बोली कळेना म्हणून जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी हिराजीदादांना विचारलं, "त्या वेळी पट्टीवर पक्षी होते का?"

"नाय. समदी खाली बसवलीती. पन टिटवी..."

"पक्षी नव्हते म्हणताहेत," मी म्हटलं आणि तसंच लिहिलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाय, पावला लिव."

मी कागद पुढे सरकवला आणि हळूच म्हटलं, "दादा, सही करा." त्यांनी केली. चौथीपर्यंत शिकले होते, सही सुरेख करायचे.

का नाही लिहिलं? मी स्वतःला सांगितलं की हा म्हातारा फुकट अडकेल. मेलेल्या पोरीवर ठपका येईल, पेपरात छापून येईल की वैमानिकानं अंड्यांसाठी पट्टी सोडली, आणि तिची अम्मी ते वाचेल. हे सगळं खरंच होतं. पण त्याच्या खाली अजून एक खरं होतं. शेऱ्याचा रकाना माझा होता आणि मी त्यात रोज 'काही नाही' लिहिलं होतं. मी घाबरले होते. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हिराजीदादा ओल्या गोणपाटात जिवंत जिताडा घेऊन साहेबांच्या विश्रामगृहावर हजर. सुटायला साहेबाला जिताडा देणारे मी पुष्कळ बघितले, अडकायला देणारा हा एकच माणूस. "सायेब, हा घ्या आनि मना लिवा," असं काहीतरी ते म्हणत होते. साहेब लाच समजून इतके भडकले की मला बोलावणं आलं. मी सांगितलं, ही इथली रीत आहे, पाहुण्याचा मान. साहेब निवळले. मासा ड्रायव्हरनं नेला आणि वडखळच्या ढाब्यावर करून घेतला, असं नंतर कळलं. हिराजीदादा रिकामं गोणपाट खांद्यावर टाकून निघून गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

काही महिन्यांनी अहवाल आला. इंधनात पाणी गेल्यामुळे इंजिन बंद पडलं. पट्टीची लांबी पुरेशी होती. टिटवीचं नाव कुठंच नव्हतं. त्या वर्षी पाऊसही बेताचाच झाला.

शाळा बंद पडली, शेठनं उरलेलं विमान विकलं. तपासणीवाल्यांनी नोंदवहीच्या पानांचे फोटो काढून मूळ वही परत पाठवली होती, ती घ्यायला कोणीच उरलं नाही म्हणून माझ्या घरी आली. मला पेणच्या एका शाळेत ऑफिसचं काम मिळालं. हिराजीदादा मात्र रोज सकाळी पट्टीवर जायचे. विमान नाही, माणूस नाही, पण नऊच्या आत बगळे खाली बसवायचे. मग चार दगडांपासून पश्चिम टोकापर्यंत आणि तिथून बांधापर्यंत पावलं टाकायची. गावातली माणसं म्हणायची, म्हाताऱ्याला लागीर झालंय.

मला भेटले की त्यांचा हिशेब सुरू. पट्टीच्या टोकापासून ती पडली त्या बांधापर्यंत दोनशे पाच पावलं. हा आकडा त्यांच्या जिभेवर बसला होता. मी त्यांना समजावायचे, "बघा दादा, तुम्ही दोनशे सोडायला सांगितली नसती तर ती दोनशे पावलं अलीकडे उतरली असती. बरोबर? तरी पट्टीला पाच पावलं कमीच पडली असती. चरीत गेली असती. म्हणजे दोष पावलांचा नाही." हा माझा हिशेब होता आणि मला तो फार आवडायचा.  ते नुसते अंगठ्यानं बोट चोळत बसायचे. मला वाटायचं, पटतंय हळूहळू.

वर्ष झालं आणि एक दिवस ते शाळेच्या दारात उभे राहिले. "रोह्याला येतंस? पोरीच्या आयला भेटायचा हाय." मी नको म्हणू शकले नाही.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. पेण ते रोहा ते खिडकीबाहेर बघत बसले, कासूला मात्र मान फिरवून घेतली. रुबिनाची अम्मी तिच्याचसारखी एवढीशी. आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. हिराजीदादा खुर्चीवर बसलेच नाहीत. उंबऱ्याशी उकिडवे बसून त्यांनी सगळं सांगितलं. टिटवी, दोनशे पावलं, चार दगड, बांधावरची वीतभर माती. "मी बोल्लो म्हनून तिनं सोडली. धनी मी हाय." मी बाजूला बसून पदराचं टोक पिळत होते. शेऱ्याचं मी सांगितलं नाही.

अम्मींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टिटवीचं मला ठाऊक आहे. रोज घरी येऊन सांगायची, अम्मी, आज अजून निघाली नाहीत." मग त्यांनी विचारलं, "निघाली का ती पिल्लं?"

"निघाली," दादा म्हणाले. "चारी."

"बरं झालं," अम्मी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आतून त्यांचा रडण्याचा आवाज आला नाही, भांड्यांचा आला. आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि काहीतरी कालवण घेऊन आल्या. हिराजीदादांनी घास मोडला आणि तसाच हातात धरून बसले.

परतीच्या गाडीत नागोठणं आलं तेव्हा हिराजीदादांनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली. मग म्हणाले, "तिनं शिवी दिली असती तं बरा झाला असता." आणि मग अगदी सहज, विडी मागावी तसं म्हणाले, "मी बोल्लो गो बाय. आता तू लिव."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात भेटायचे. "लिवलास?" विचारायचे. मी म्हणायचे, "बघते दादा." माझा स्वभाव तसा फटकळ, कोणाला घाबरणारी मी नव्हे, असं मीच चारचौघांत सांगते. पण मे महिना आला की मी स्कूटी दुसऱ्या रस्त्यानं न्यायचे. गावाचा कायदा मी एकदा हसण्यावारी नेला होता. आता तो मला भाजी चिरतानाही ऐकू यायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नातसुनेचा फोन आला. "आजा बोलतान, पट्टीवर भराव पडतंय, बाईला सांग." पट्टीची जमीन कोणीतरी गोदामांसाठी घेतली होती. डंपर लागले होते. दोन दिवसांत चार दगड मातीखाली जाणार होते. मोजायला काही उरणार नव्हतं.

मी कपाटातून नोंदवही काढली. त्या दिवसाचं पान उघडलं. शेऱ्याचा रकाना कोरा होता, कारण त्या दिवशी विमान उतरलंच नव्हतं आणि ओळ अर्धीच राहिली होती. मी पेन घेतलं आणि लिहिलं. उड्डाण पूर्व टोकापासून न करता दोनशे पावलं पुढून केलं. पट्टीवर टिटवीची अंडी असल्यामुळे. गेले तीन आठवडे असंच चालू होतं. मला माहीत होतं, मी नोंद केली नाही. खाली सही केली. वही स्कूटीच्या डिकीत टाकून कासूला गेले.

हिराजीदादा दगडांपाशी उभे होते. फार वाळले होते, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा. पश्चिमेकडून डंपर माती ओतत येत होते. कुठंतरी टिटवी ओरडत होती. मी वही उघडून मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील, निदान 'बरा केलास' म्हणतील.

डोळे उघडून म्हणाले, "पावला किती लिवलीस?"

"दोनशे."

"दोनशेबारा लिव."

मला कळेना. ते दगडांकडे बघत होते. "पोरीला दोनशे सांगितली. मोजली बी दोनशेच. दगड ठेवला तं टिटवी लय वरडाया लागली. म्हनून अजून एक हात पुडं ठेवला. बारा पावला. मना वाटला, बारानी काय व्हतं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही मी कुनाला बोल्लो नाय. तिच्या आयला बी नाय."

ज्या माणसानं जन्मात कधी गोळाबेरीज केली नाही, त्यानं एकदाच केली होती. आणि इतकी वर्षं मी ज्या पाच पावलांच्या आधारावर झोपत होते, ती पाच पावलं नव्हतीच. विमान दोनशेबारा पावलं मागून सुटलं असतं तर ती पट्टीवर उतरली असती. सात पावलं आत. मी हा हिशेब त्यांना दर वर्षी समजावत होते आणि ते दर वर्षी ऐकून घेत होते.

उभ्याउभ्याच मी स्कूटीच्या सीटवर वही ठेवली, दोनशेवर रेघ मारली आणि वर दोनशेबारा लिहिलं. त्यांना दाखवलं. त्यांनी आकड्यावर बोट ठेवून तो नीट वाचला. म्हणाले, "आता पाठव." मी पाठवलं, त्याच आठवड्यात, चौकशीवाल्या साहेबांना, रजिस्टर टपालानं. अजून उत्तर नाही. येईल असंही वाटत नाही.

कमरेची गोफण सोडून त्यांनी पहिल्या दगडावर ठेवली आणि गावाकडे निघाले. पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं, पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हाच. पट्टीवरून चालले होते, मध्येच थांबत, पाऊल कधी आखूड कधी लांब. मी सवयीनं त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठा हलत नव्हता. हात नुसता लोंबत होता, उघडा.